मदत हवी आहे: सर्व्हरचं नेटवर्क कार्ड बदललं, आयपी तोच, दुसऱ्या व्हीलॅनमधून पिंग लागत नाही

निळी_वायर:
लिनक्स सर्व्हर, आयपी १९२.१६८.२०.१०, मास्क /२४, गेटवे (म्हणजे राउटर) १९२.१६८.२०.१. जळलेलं कार्ड काढून नवं बसवलं, बाकी सेटिंग जसंच्या तसं. त्याच व्हीलॅनमधली (स्विचवर वेगळ्या केलेल्या गटातली) मशिन्स मिनिटभरात जोडली गेली. व्हीलॅन ३० मधून मात्र पिंग टाइमआउट. सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट्स दाखवणारं साधन) लावला तर पिंगची पॅकेट्स येताना दिसतात, पण सर्व्हर उत्तरच देत नाही. फायरवॉल बंद करून पाहिली. आणखी एक कोडं: सर्व्हरवरून गेटवेला पिंग केलं की सगळं सुरू होतं! असं का?

स्विचघर:
फायरवॉल परत चालू करा, तिचा दोष नाही. राउटरच्या एआरपी टेबलात (कोणत्या आयपीचा मॅक कोणता, याची यादी) अजून जुन्या कार्डाचा मॅक (कार्डाचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता) असणार.

व्हीलॅन ३० मधली मशिन्स तुमच्या सर्व्हरचा मॅक कधी विचारतच नाहीत. एआरपीची विचारणा ब्रॉडकास्टने (एकदम सगळ्यांना) जाते आणि ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही. त्यांना फक्त गेटवेचा मॅक लागतो. सर्व्हरचा मॅक राउटर शोधतो आणि लक्षात ठेवतो. किती वेळ, ते ज्याच्या त्याच्यावर. लिनक्स साधारण १५ ते ४५ सेकंदांनी नोंद शिळी धरतं, वापरायची वेळ आली की जुन्या मॅकलाच तीनदा विचारतं, उत्तर नाही आलं की पुन्हा ब्रॉडकास्ट. म्हणून शेजारची मशिन्स लवकर सावरली. सिस्कोच्या राउटरवर मूळ मुदत ४ तास आहे.

पॅकेट दिसतं पण उत्तर नाही, हा सापळा टीसीपीडंपचाच. जुन्या मॅकची नोंद स्विचमधून गेली (बहुतेक स्विचवर ३०० सेकंद) की स्विच ती फ्रेम (मॅकचा पत्ता घातलेलं पॅकेट) व्हीलॅनच्या सगळ्या पोर्टांवर सोडतो. एरवी कार्ड दुसऱ्याच्या नावाची फ्रेम टाकून देतं, पण टीसीपीडंप कार्डाला सगळंच घ्यायला लावतो, म्हणून तुम्हाला ती दिसते. कर्नल (लिनक्सचा गाभा) ती नाकारतो. 'टीसीपीडंप -एन -ई' चालवा (आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत). '-ई'मुळे मॅक दिसतील आणि येणाऱ्या पिंगवर जुना पत्ता सापडेल.

गेटवेला पिंग केल्यावर का चालतं? गेटवेचा मॅक माहीत नसला की सर्व्हर आधी एआरपी विचारणा पाठवतो. त्या विचारणेत त्याचा स्वतःचा आयपी आणि नवा मॅक असतो. आरएफसी ८२६ (एआरपीचं मूळ मानक, १९८२) प्रमाणे, पाठवणाऱ्याच्या आयपीची नोंद आधीच टेबलात असेल तर ती तिथल्या तिथे बदलायची. तुमचा सर्व्हर आपणहून बाहेर काही पाठवत नव्हता, नुसता विनंतीची वाट पाहत होता, आणि विनंती जुन्या मॅककडे जात होती.

उपाय: राउटरवर त्या आयपीची नोंद पुसा, किंवा सर्व्हरवरून
'अर्पिंग -यू -सी ३ -आय ईटीएच० १९२.१६८.२०.१०'
याने सर्व्हर आपला नवा मॅक सगळ्यांना कळवतो. यू आणि आय ही अक्षरं कॅपिटल, सी स्मॉल. इंटरफेसचं नाव आपापलं घाला. राउटरवर कोणी हाताने कायमची नोंद केली असेल तर याने फरक पडणार नाही, ती हातानेच बदलावी लागेल.

पोर्ट_चोवीस:
त्याआधी दुसऱ्या मशिनवरून 'अर्पिंग -सी ३ -आय ईटीएच० १९२.१६८.२०.१०' करून पाहा. दोन वेगळ्या मॅककडून उत्तरं आली तर आयपी दोघांकडे आहे आणि वरचा उपाय थोडा वेळच टिकेल. नव्या कार्डाला जुना मॅक देणं हाही मार्ग आहे, पण मला पटत नाही. दुरुस्त झालेलं जुनं कार्ड कोणी त्याच व्हीलॅनमध्ये लावलं की स्विचच्या टेबलात एकच मॅक दोन पोर्टांमध्ये उड्या मारत बसेल.

निळी_वायर:
राउटरवर जुनाच मॅक होता. अर्पिंगनंतर लगेच चालू झालं. दुसऱ्या मॅककडून उत्तर नाही. आता ४ तासांची मुदत कमी करू का? की सर्व्हरवर 'एआरपी_नोटिफाय' १ करू?

स्विचघर:
कधीतरी कार्ड बदलतं म्हणून मुदतीला हात लावू नका. 'एआरपी_नोटिफाय' मुळात ० असतं. १ केलं तर इंटरफेस वर येताना किंवा त्याचा मॅक बदलताना घोषणा जाते, पण इंटरफेस वर आल्यानंतर आयपी दिला जात असेल तर त्या क्षणी घोषणा करायला पत्ताच नसतो. त्यापेक्षा आयपी लागल्यानंतर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये अर्पिंगची ओळ टाका. आयपीव्ही६ही वापरत असाल तर तिथे एआरपी नसतो, शेजारी शोधण्याचं काम आयसीएमपीव्ही६चे १३५ आणि १३६ प्रकारचे संदेश करतात. 'आयपी -६ नेबर शो'ने ते टेबल वेगळं तपासा.