अनुभव धागा : जपानीतलं 'माफ करा', 'येतो' आणि कमरेतून वाकणं

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत शब्द, व्याकरण, वाचन, ऐकणं असतं. बोलण्याचा भागच नसतो. त्यामुळे एन-३ (मधली पातळी) झालेला माणूससुद्धा लिफ्टमध्ये जपानी साहेब भेटले की नुसता हसून वेळ मारून नेतो. शिकवताना, काम करताना, तिथे राहताना जे नेमकं कळलंय ते लिहा. 'जपानी लोक फार शिस्तीचे' हे माहीत आहे, ते नको.

पुण्यात नवशिक्यांचे वर्ग घेणारी

आधी उच्चार, कारण चुकीच्या लांबीचा शब्द नम्र असून उपयोग नाही. मराठी माणसाला दोन गोष्टी फुकट मिळाल्यात. 'चमचा'तला च जिभेवर असला की 'त्सु' लगेच जमतो. 'आरिगातो गोझाइमासु' (आभारी आहे) असं आपण लिहितो, पण त्या झमधला हकार काढायचा आणि 'जाड'मधला ज लावायचा. शेवटचा 'सु' जवळजवळ गिळायचा: मास्, देस्.

नडतं ते ऱ्हस्व-दीर्घ. आपण ते शुद्धलेखनात पाळतो, बोलताना नाही. 'ओबासान' म्हणजे काकू, 'ओबाआसान' म्हणजे आजी. चाळिशीतल्या बाईंना दुसरा शब्द गेला की संपलं. 'बिरु' इमारत, 'बीइरु' बिअर. उपाय टाळ्यांचा. ओ-बा-सा-न चार टाळ्या, ओ-बा-आ-सा-न पाच. 'न'लाही स्वतःची टाळी. जोडाक्षराआधीचा थांबासुद्धा मोजायचा: कि-ते (ये) दोन, कि-त्-ते (टपालाचं तिकीट) तीन. आठवडाभर टाळ्या वाजवा, शेजारी काय म्हणायचं ते म्हणोत.

वाहननिर्मितीत दुभाष्याचं काम

'तुम्ही'साठी पुस्तकात 'आनाता' सापडतो. तो वापरू नका. साहेबाला किंवा ग्राहकाला 'आनाता' म्हणणं उद्धट वाटतं. नाव अधिक 'सान' (आदरासाठी), नाहीतर हुद्दा: 'बुचोओ' (विभागप्रमुख), 'शाचोओ' (कंपनीचे प्रमुख). आणि स्वतःच्या नावाला 'सान' कधीच नाही.

याच्या पुढची पायरी आपल्या लोकांना पचत नाही. बाहेरच्या कंपनीचा फोन आला आणि आपले साहेब तानाका जागेवर नसतील, तर 'तानाका-सान' म्हणायचं नाही, नुसतं 'तानाका'. आपण 'कुलकर्णी साहेब बाहेर गेलेत' म्हणतो ना, त्याच्या बरोबर उलट. बाहेरच्यांसमोर आपला साहेबही 'आपल्यातला', म्हणून त्याला खाली घ्यायचं.

'हाइ'चा, म्हणजे 'हो'चा, घोळ तर रोजचा. समोरचा आपण बोलत असताना 'हाइ, हाइ' म्हणतो, ते आपलं 'हं, हं'. ऐकतोय इतकाच अर्थ, होकार नव्हे. नकार मात्र 'नाही' या शब्दात क्वचितच येतो. 'चोत्तो...' (जरा...) म्हणून वाक्य अर्धवट सोडलं की तो नकार समजायचा. 'मुझुकाशिइ देसु ने', म्हणजे 'अवघड आहे', हेही नाहीच. आपल्याकडे 'अवघड आहे' म्हणजे अजून थोडं ताणलं तर होईल. तिथे ताणलं तर संबंध ताणले जातात.

योकोहामात राहणारी

'इत्ते किमासु'चं भाषांतर पाठ करायची गरजच नाही. निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. हे अगदी तेच, 'जाऊन येतो'. घरातला माणूस म्हणतो 'इत्तेराश्शाइ', जाऊन या. परत आल्यावर 'तादाइमा' (आलो), त्यावर 'ओकाएरि' (आलास का). 'सायोनारा' घरात कुणी म्हणत नाही.

ऑफिसातून आधी निघताना 'ओसाकि नि शित्सुरेइ शिमासु' (तुमच्या आधी निघतोय, माफ करा), मागे राहिलेले म्हणतात 'ओत्सुकारेसामा देशिता' (दमलात, खूप काम केलंत). याच्यासारखाच 'गोकुरोओसामा' आहे, तो वरच्याने खालच्याला म्हणायचा. साहेबाला म्हटलात तर शाबासकी दिल्यासारखं होतं.

व्यवसाय-शिष्टाचार शिकवणारा

वाकण्याची मापं: जाता-येता १५ अंश, ग्राहकाला ३०, माफी किंवा मोठ्या आभारासाठी ४५. मान नाही, कंबर मोडायची. पाठ आणि मान एका रेषेत, नजर खाली. वाकताना डोळे वर ठेवून बघत राहिलात तर सगळं विचित्र दिसतं. हात जोडायचे नाहीत. आधी वाक्य पूर्ण, मग वाकणं. बोलता-बोलता वाकलात तर आवाज जमिनीला ऐकू जातो.

व्हिजिटिंग कार्ड म्हणजे 'मेइशि'. उभं राहून, दोन्ही हातांनी, अक्षरं समोरच्याकडे वळवून, त्याच्या कार्डापेक्षा किंचित खाली धरून. भेटायला आलेल्याने आधी द्यायचं. घेताना 'चोओदाइ इताशिमासु' (नम्रपणे घेतो). बोट नावावर किंवा लोगोवर येऊ नये. बैठक असेल तर कार्डं टेबलावर, बसलेत त्या क्रमाने. नावं विसरायची भीतीच राहत नाही. त्यावर त्यांच्यासमोर लिहिणं आणि पँटच्या मागच्या खिशात घालून त्यावर बसणं, दोन्ही वाईट.

ओसाकातली, घरी पाहुणचार करणारी

दारातल्या खालच्या भागाला 'गेन्कान' म्हणतात. समोर तोंड करून बूट काढून वर चढायचं, मग जरा तिरकं बसून बूट दाराकडे वळवायचे. यजमानाकडे सरळ पाठ करून मागे-मागे चढणं बरं दिसत नाही. तातामीवर (गवती चटयांच्या जमिनीवर) सपातासुद्धा नाहीत. उंबरठ्यावर पाय देऊ नये हे आपल्याला आजीनेच शिकवलेलं असतं, तिथेही लागू.

भाताची वाटी हातात उचलायची. आपल्यासारखं ताटावर वाकून नाही. भातात जेवायच्या काड्या (चॉपस्टिक) उभ्या खोचू नका, मृतासमोर तसा भात ठेवतात. काडीतून काडीत घासही देऊ नका, अंत्यविधीत अस्थी तशाच उचलतात.

शाकाहाऱ्यांनी नुसतं 'बेजितारियान' सांगून थांबू नये. सूपमध्ये बहुतेकदा बोनितो माशाचा अर्क (कात्सुओ-दाशि) असतो, आणि तो 'मासा' म्हणून कुणाच्या डोक्यात येत नाही. पूर्ण वाक्य असं: 'निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ-दाशि मो ताबेमासेन.' (मांसही खात नाही, मासेही नाही, बोनितोचा अर्कही नाही.) अंडं चालत नसेल तर 'तामागो मो ताबेमासेन' हेही जोडा. हे जपानी लिपीत छापून खिशात ठेवा आणि मागवण्याआधी दाखवा, ताट समोर आल्यावर नाही.