रात्रीचं जेवण : भांडी कमी, खटपट कमी आणि मुलं खातील असं काय करता येईल?

विक्रोळी_पूर्व
चार माणसांचं जेवण. दोन मोठे, दोन मुलं (वय ४ आणि ८). सोमवार ते शुक्रवार घरात पाऊल टाकायला पावणेआठ होतात आणि मुलांचं ताट साडेआठला वाढायचं असतं. हाताशी दोन बर्नरची शेगडी, पाच लिटरचा कुकर, त्यात बसणारे दोन डबे, आप्पेपात्र, एक जाड बुडाचं पातेलं आणि मिक्सर. ओव्हन नाही.

मुख्य अडचण घासण्याची आहे. ताई सकाळी येतात, रात्री नऊनंतर नळाला पाणी नसतं, आणि खरकटी भांडी रात्रभर पडली की झुरळं होतात. म्हणून एका, फार तर दोन भांड्यांत होणारे पदार्थ हवेत. धाकटा तिखट अजिबात खात नाही, मोठ्यांना तिखटाशिवाय चालत नाही. अंडी, मासे चालतात. मॅगी आणि बाहेरून मागवणं सोडून काहीही सुचवा. प्रमाण लिहिलंत तर फार बरं होईल.

आधी_कुकर_लावा
पदार्थाच्या आधी भांडं ठरवा. "आज काय करू?" म्हटलं की वरण, भात, भाजी, पोळी अशी चार भांडी आपसूक निघतात. "आज फक्त कुकर" म्हटलं की यादी आपोआप आखूड होते. आणि तिखट पातेल्यात घालूच नका, ते ताटात येऊ द्या. सगळ्यांना एकच सौम्य पदार्थ, मोठ्यांच्या वाटीवर वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी नाहीतर चमचाभर ठेचा. दोन वेगळ्या भाज्या करण्याचा त्रास तिथेच संपतो.

या दोन्ही अटींत चपखल बसणारा पदार्थ म्हणजे वरणफळं, म्हणजेच चकोल्या. वाटी म्हणजे १५० मिलीची आमटीची वाटी धरा.

पाऊण वाटी तूरडाळ सकाळी निघताना भिजत घाला, पण फ्रिजमध्ये ठेवा. मुंबईच्या उकाड्यात ओट्यावर दहा-बारा तास राहिलेली डाळ आंबते. संध्याकाळी कुकरमध्येच दोन चमचे तेलाची मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता अशी फोडणी करा, त्यावर निथळलेली डाळ आणि अडीच वाट्या पाणी घालून चार शिट्ट्या काढा. दुसऱ्या बर्नरवर सहा वाट्या साधं पाणी तापत ठेवा, ते भांडं नंतर नुसतं उपडं घालायचं. कुकर होईपर्यंत दोन वाट्या कणीक मीठ, ओवा आणि चमचाभर तेल घालून पुरीसारखी घट्ट मळा. पोळीपेक्षा किंचित जाड लाटा आणि शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापा, हीच फळं. सकाळच्या पोळ्यांची कणीक उरली असेल तर तीच वापरा, पण ती सैल असते, म्हणून मूठभर कोरडं पीठ मळून घ्या.

वाफ पूर्ण गेली की डाळ रवीने घोटा, तापलेलं पाणी ओता, मीठ, सुपारीएवढा गूळ, दोन-तीन आमसुलं आणि अर्धा चमचा गोडा मसाला घाला. आता गॅस मोठा करा आणि खळखळ उकळी आल्याशिवाय एकही फळ टाकू नका. इथेच बहुतेकांचं बिघडतं. उकळी मंद असली की फळं तळाशी जातात, एकमेकांना चिकटतात आणि मधोमध कच्चा लगदा होतो. उकळी जोरात असली की बाहेरची बाजू लगेच शिजून घट्ट होते आणि तुकडे सुटे राहतात. एकेक करून टाका, सात-आठ झाले की तळापासून एकदा हलवा, मग पुढचे. सगळी टाकून झाल्यावर मध्यम आचेवर दहा मिनिटं, झाकण न लावता. झालं की नाही ते बघायला एक फळ चमच्याने तोडा. मधोमध पांढरी रेघ दिसली तर आतून कच्चं आहे, अजून दोन मिनिटं ठेवा. शिजलेलं फळ आरपार एकाच रंगाचं दिसतं आणि कडा थोडी पारदर्शक होते.

वाढताना तूप. कुकर, पोळपाट-लाटणं आणि रवी, एवढंच घासायला पडतं.

मऊ_भात
याहून सोपी मुगाची खिचडी. पाऊण वाटी पिवळी मूगडाळ, एक वाटी जुना तांदूळ, पाच वाट्या पाणी, हळद, मीठ, किसलेलं गाजर किंवा लाल भोपळा. चार शिट्ट्या. मूगडाळ भिजवावी लागत नाही. इंद्रायणी किंवा आंबेमोहर घेतलात तर अर्धी वाटी पाणी कमी करा, ते तांदूळ मुळातच चिकट होतात. लहान मुलाच्या खिचडीत अख्खे शेंगदाणे घालू नका, घशात अडकतात. कूट घाला.

विक्रोळी_पूर्व
वरणफळं उद्याच. दोन शंका आहेत. टोमॅटो घालून कुकर लावला की डाळ कधी कधी कडकच राहते. आणि डाळ थेट कुकरमध्ये शिजवली की शिट्टीतून पिवळं पाणी उडून शेगडी, भिंत, झाकण सगळं माखतं. मग वाचलेलं घासणं पुसण्यात जातं.

आधी_कुकर_लावा
टोमॅटो, चिंच, आमसूल, सगळं डाळ शिजल्यावर. आंबटामुळे डाळीचं साल आणि गर सुटायला वेळ लागतो, म्हणून ती शिट्ट्या होऊनही टणटणीत राहते. जुनी डाळ असेल तरी असंच होतं, तिला भिजवण्याचा वेळ दुप्पट द्या.

उडण्याचं कारण फेस. डाळ शिजताना फेस वर चढतो आणि वाफेबरोबर नळीतून बाहेर येतो. कुकर कधीही अर्ध्याच्या वर भरू नका, डाळ-तांदळाला हीच मर्यादा आहे. चमचाभर तेल आधी घाला, वरच्या पद्धतीत ते फोडणीतच आलंय. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा. मोठ्या आचेवर भराभर काढलेल्या शिट्ट्यांत पाणी जास्त उडतं आणि डाळ कमी शिजते. झाकणाची नळी रोज उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते बघा. अडकलेलं डाळीचं साल दिसलं तर काडीने काढा, त्यात हयगय नको.

शेगडी पुसायचीच नसेल त्या दिवशी डबे वापरा. कुकरच्या तळाला दोन बोटं पाणी, खालच्या डब्यात भिजवलेली डाळ आणि अडीचपट पाणी, वरच्यात तांदूळ आणि दुप्पट पाणी, दोन्हींवर झाकण्या. पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर बारा मिनिटं, मग आपोआप वाफ जाऊ द्या. अन्न डब्यातच राहतं, कुकर नुसता विसळायचा. ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडू नये म्हणून तळाच्या पाण्यात लिंबाची पिळलेली साल टाका.

माटुंगा_पीठ
आप्पेपात्र आहे ना? मग आठवड्यातली एक रात्र त्याची. दुकानात तयार इडली-डोशाचं पीठ मिळतं, ते घ्या. तीन वाट्या पिठाचे साधारण चोवीस आप्पे होतात, चौघांना पुरतात. त्यात अर्धी वाटी किसलेलं गाजर, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर. मीठ सगळ्यात शेवटी आणि पीठ चाखून, कारण विकतच्या पिठात बऱ्याचदा मीठ असतं. आधी घातलं तर भाज्यांना पाणी सुटून पीठ सैल होतं आणि आप्पे साच्याला धरतात.

प्रत्येक खळग्यात तीन-चार थेंब तेल. पीठ टाकल्यावर चुर्रर्र आवाज आला पाहिजे, नाही आला तर साचा थंड आहे. पाऊण खळगाच भरा. झाकण ठेवून मध्यम-मंद आचेवर तीन मिनिटं, उलटून दोन. कड सुटायच्या आत सुरीने खरवडू नका. शिजला की तो स्वतःहून गोल फिरतो.

पीठ फार आंबट झालं असेल तर सोडा घालू नका. दोन चमचे बारीक रवा आणि थोडं जास्त गाजर घाला, आंबटपणा मागे पडतो. पिशवी फुगून आली की कोपरा कापून डब्यात काढा आणि फ्रिजमध्ये ठेवा, मे महिन्यात तर आणल्या आणल्या. बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं आप्पेपात्र साबणाने भिजत ठेवू नये, गरम असताना फडक्याने पुसून तेलाचा हात लावावा.

रविवारी_वाटण
वाटणाशिवाय आठवडा निघत नाही. एक किलो कांदा, अर्धा किलो टोमॅटो, मूठभर आलं-लसूण. कांदा अर्धी वाटी तेलात बदामी होईपर्यंत, मग बाकीचं, कडेने तेल सुटेपर्यंत परता. गार करून वाटा. झिपच्या पिशवीत भरून हाताने बोटभर जाडीचं सपाट करा आणि सुरीच्या पाठीने चौकोन आखा. गोठल्यावर चॉकलेटसारखे तुकडे मोडतात. मोडाच्या मटकीला किंवा अंड्याच्या रश्श्याला तळहाताएवढा तुकडा पुरतो. सगळं एका डब्यात भरलं तर दगड होतो आणि रोज पूर्ण डबा वितळवावा लागतो.

खोबरं यात घालू नका, ते लवकर खवट होतं. उकडलेला बटाटाही फ्रीझ करू नका, वितळल्यावर पाणी सुटून रवाळ लागतो. एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा फारसा थंड नसतो, त्यात ठेवलंत तर दोन आठवड्यांत संपवा.

सोडे_आणि_सुकट
माशांत मुलांसाठी कोलंबी, काट्याची भीती नाही. कोळणीकडून सोलून, पाठीतला काळा दोरा काढून घ्या. पाव किलो कोलंबीला हळद-मीठ लावून ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात कांदा, वाटणाचा एक तुकडा, दीड वाटी धुतलेला तांदूळ परता, तीन वाट्या गरम पाणी, मीठ. पाणी आटून भाताला भोकं दिसायला लागली की वर कोलंबी पसरा, झाकण ठेवून मंद आचेवर सहा-सात मिनिटं, गॅस बंद करून आणखी पाच. सुरुवातीलाच घातली किंवा कुकरमध्ये दोन शिट्ट्या दिल्या की रबर होते आणि मूल ती बाजूला काढतं. शिजलेली कोलंबी इंग्रजी सी सारखी वाकते. घट्ट वेटोळं झालं तर जास्त शिजली.

जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ताजी कोलंबी महाग पडते. तेव्हा अर्धी वाटी सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी, कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, दोनदा धुवा आणि तांदळाबरोबरच घाला. सोड्यांना शिजायला वेळ लागतो, म्हणून इथे क्रम उलटा. मीठ चाखूनच.

फोडणीचा_भात
या सगळ्यापेक्षा सोपं म्हणजे सकाळीच दुप्पट भात लावायचा आणि रात्री फोडणी द्यायची. दहा मिनिटं, एक कढई.

मऊ_भात
सकाळचा भात ओट्यावर झाकून ठेवणार असाल तर कृपया नको. तांदळातले काही जिवाणू बीजरूपात शिजवण्यातूनही वाचतात, कोमट भातात वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष परत गरम केल्यानेही जात नाही. मुलांना उलट्या व्हायचं हे नेहमीचं कारण आहे. भात ताटात पसरून लवकर निववा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. मग रात्री खुशाल फोडणी द्या. फ्रिजमधला भात सुटासुटा असतो, फोडणीला उलट छानच.

फोडणीचा_भात
बरोबर आहे, फ्रिजचं लिहायला हवं होतं. पसरट डब्यात ठेवा, उंच डब्यात मधला भात तासन्‌तास गरम राहतो.

कोरडा_ओटा
पाणी नऊला जातं तर घासण्याचा क्रम महत्त्वाचा. पावणेआठला आल्या आल्या एक तसराळं पाण्याने भरून सिंकमध्ये ठेवा. रिकामं झालेलं प्रत्येक भांडं लगेच त्यात. अंडं, बेसन, दूध लागलेलं भांडं थंड पाण्यात भिजवा. गरम पाण्याने ते शिजून आणखी घट्ट धरतं. तूप-तेलाचं मात्र गरम पाण्यात. वरणफळांचा कुकर वाळू दिला तर कणकेचा थर घासणीने निघत नाही, पाणी ओतून ठेवला तर हाताने निघतो.

घासायला वेळच नसेल तर खरकटं कागदाने पुसून ओल्या कचऱ्यात टाका, भांडी एकात एक घालून वर ताट उपडं ठेवा आणि सिंकच्या जाळीवर झाकण बसवा. झुरळं अन्नाइतकीच ओलीसाठी येतात, म्हणून ओटा शेवटी कोरड्या फडक्याने पुसा.

विक्रोळी_पूर्व
शेवटची शंका. मुलं साडेआठला जेवतात, एक मोठं माणूस साडेनऊला पोचतं. तासाभरात वरणफळांचा गोळा होईल ना?

आधी_कुकर_लावा
होईल, फळं पाणी ओढत राहतात. सगळी एकदम टाकू नका. तिघांपुरती टाका, उरलेले तुकडे ताटात कोरडं पीठ भुरभुरवून, सुटे, फडक्याखाली ठेवा. चौथ्या माणसाचं वरण कुकरमध्येच राहू द्या. साडेनऊला त्यात वाटीभर पाणी घालून उकळी आणा, तुकडे टाका, दहा मिनिटांत ताजं ताट. तिखट फोडणी तेव्हाच करा, कढलं एकदाच लागेल.