म्हो, ॲबम्हो, स्टॅटम्हो… सगळं सीमेन्समध्ये कसं आणायचं?

पाऱ्याचा_थेंब
नमस्कार मंडळी. जुन्या व्हॉल्व्हच्या (रेडिओ-ॲम्प्लिफायरमधल्या व्हॅक्यूम ट्यूबच्या) डेटाशीट, पाणी तपासणीचे जुने रिपोर्ट आणि विजेवरचं एक फार जुनं हँडबुक समोर घेऊन बसलोय, त्यातले कंडक्टन्सचे (रेझिस्टन्सच्या उलट, म्हणजे वीज किती सहज वाहते त्याचे) आकडे एक्सेलमध्ये आजच्या युनिटात टाकायचेत. कुठे म्हो, कुठे मायक्रोम्हो, एके ठिकाणी नुसताच उलटा ओमेगा, हँडबुकात तर ॲबम्हो नि स्टॅटम्हो पण आहेत. म्हो म्हणजेच सीमेन्स ना? मग त्याच हँडबुकात रेझिस्टन्सच्या तक्त्यात "सीमेन्स युनिट" लिहिलंय ते काय? ते १ सीमेन्स धरलं तर उत्तर ओमच्या अगदी जवळ येतंय, त्यामुळे बरोबर की चूक तेच कळेना.

उलटा_ओमेगा
म्हो आणि सीमेन्स एकच, गुणाकार-भागाकार काही नाही. ओम उलटं वाचून म्हो हे नाव विल्यम थॉमसन, म्हणजे नंतरचे लॉर्ड केल्विन, यांनी १८८३ मध्ये सुचवलं आणि चिन्हही तसंच, ओमेगा उलटा. १९७१ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने सीमेन्स हे नाव घेतलं, तरी जुन्या लोकांच्या तोंडून म्हो जात नाही. डेटाशीटमधला मायक्रोम्हो म्हणजे मायक्रोसीमेन्स. १२एएक्स७ या व्हॉल्व्हला २५० व्होल्टवर १६०० मायक्रोम्हो दिलेले असतात, म्हणजे १.६ मिलिसीमेन्स. युरोपातल्या शीटमध्ये तेच १.६ मिलिॲम्पिअर प्रति व्होल्ट असं दिसेल, घाबरू नका, तिन्ही एकच आहेत.

तारघर
सीमेन्स युनिटबद्दल मात्र थांबा, ते टाकलं असेल तर आधी काढा!! ते कंडक्टन्सचं युनिट नाहीच, रेझिस्टन्सचं आहे. वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८६० मध्ये मांडलेलं, १ मीटर लांब, १ चौरस मिलिमीटर छेदाचा पाऱ्याचा स्तंभ, ० अंश सेल्सिअसला. पुढे १८९३ मध्ये आंतरराष्ट्रीय ओम पण पाऱ्यावरच ठरला पण तेव्हा लांबी धरली १०६.३ सेंमी. म्हणून १ सीमेन्स युनिट = १०० भागिले १०६.३, साधारण ०.९४ ओम. तुम्हाला जवळचं उत्तर आलं ते आकडा १ च्या आसपास होता म्हणून, तिथे उलटा केला काय नि सुलटा काय, फरक दिसत नाही. ५० घेऊन बघा. ५० सीमेन्स युनिट म्हणजे ४७ ओम, त्याचा कंडक्टन्स ०.०२१ सीमेन्स, आणि तुमच्या शीटमध्ये पडणार ५० सीमेन्स. दोन हजार पटीहून जास्त चूक!

आणखी एक, १९४८ च्या आधीचा "आंतरराष्ट्रीय म्हो" (याच आंतरराष्ट्रीय ओमचा उलटा) असेल तर सीमेन्ससाठी ०.९९९५१ ने गुणा. व्हॉल्व्हसाठी याची गरज नाही, पण प्रमाण रेझिस्टन्सची मोजमापं असतील तर सोडू नका.

वर्गमूळ
सीजीएसचं (सेंमी-ग्रॅम-सेकंदवाली जुनी पद्धत; ॲब म्हणजे तिचा विद्युतचुंबकीय प्रकार, स्टॅट म्हणजे स्थिरविद्युत) मी सांगतो, कारण इथे मी स्वतः दोन दिवस घालवलेत.
१ ॲबम्हो = १०० कोटी सीमेन्स (१० चा ९ वा घात).
१ स्टॅटम्हो = १.११२६५ गुणिले १० चा उणे १२ वा घात सीमेन्स.
दोघांमधलं गुणोत्तर म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा वर्ग, सेंमी प्रति सेकंदात, साधारण ९ वर २० शून्यं. ॲब आणि स्टॅटची अदलाबदल झाली तर तेवढी चूक. हँडबुकात युनिटचं नाव न देता नुसतं "सेंमी प्रति सेकंद" लिहिलेलं असेल तर फारच जपून. स्थिरविद्युत पद्धतीत ते कंडक्टन्सचं युनिट आहे आणि विद्युतचुंबकीय पद्धतीत तेच रेझिस्टन्सचं! तक्त्याच्या वर कुठली पद्धत लिहिली आहे ते बघितल्याशिवाय एकही आकडा उचलू नका.

पाऱ्याचा_थेंब
बाप रे, "सेंमी प्रति सेकंद" असलेला एक कॉलम आहे खरा, मी तो टायपिंगची चूक समजून सोडला होता. आता परत काढतो. सीमेन्स युनिटचा कॉलम पण उडवला. पाण्याच्या रिपोर्टात "एमम्हो प्रति सेंमी" आहे, तो एम मिलि का मायक्रो?

उलटा_ओमेगा
नियमाने मिलि. पण जुन्या कपॅसिटरवर एमएफडी म्हणजे मायक्रोफॅरड असायचं, तेव्हा आकडा बघूनच ठरवा. पिण्याचं पाणी बहुतेक वेळा काहीशे मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी असतं, समुद्राचं साधारण ५० मिलि. रिपोर्टात ४०० असेल आणि पाणी पिण्याचं असेल तर तो मिलि असूच शकत नाही. शिवाय हा कंडक्टन्स नाही, कंडक्टिव्हिटी आहे (एका तुकड्याचा नाही, त्या पदार्थाचाच गुण), "प्रति सेंमी" सोडून देऊ नका, मीटरमध्ये नेताना १०० ने गुणावं लागतं. १ मिलिम्हो प्रति सेंमी म्हणजे ०.१ सीमेन्स प्रति मीटर, मातीवाले त्यालाच १ डेसिसीमेन्स प्रति मीटर म्हणतात. तापमानाचा पण एक कॉलम ठेवा, २५ अंशाला मोजलेलं आणि तसं न मोजलेलं एका रांगेत नको. आणि हो, एक्सेलमध्ये सीमेन्सचा एस कॅपिटलच टाका, छोटा एस म्हणजे सेकंद.