दोन्ही एमपी४, मग टीव्हीवर एकच का चालते?

चौकस
माझ्याकडे दोन फाइली आहेत, दोन्ही एमपी४, दोन्ही १०८०पी, लांबीही जवळपास सारखीच. पण एक साइजने दुसरीच्या निम्मी आहे आणि नेमकी तीच टीव्हीवर लावली की नुसता आवाज येतो, चित्र गायब. फोनवर मात्र झकास चालते. हे एच.२६४, एच.२६५ काय प्रकरण आहे, कोणी सोपं करून सांगेल का?

खटपट्या
एमपी४ हा नुसता डबा आहे हो, आत काय भरलंय ते नावावरून कळत नाही. एच.२६४, एच.२६५ या आतलं चित्र दाबून लहान करायच्या पद्धती. छोटीत बहुतेक एच.२६५ असणार म्हणजे एचईव्हीसी, २०१३ चं, मोठीत २००३ चं एच.२६४. टीव्ही जुना असेल तर त्याला एच.२६५ झेपत नाही, पण आवाज एएसीमध्ये (ही आवाज दाबायची पद्धत) असला तर तो त्याला कळतो. मीडियाइन्फो नावाच्या प्रोग्रॅममध्ये उघडून बघा, तिथे सगळं लिहिलेलं दिसेल.

रात्रपाळी
थोडं आतलं सांगतो. १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकी ३ बाइट, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे न दाबता सेकंदाला १५५ एमबी!! मग पहिली काटछाट रंगात, डोळ्याला उजेडातला फरक पटकन दिसतो, रंगातला तितका नाही, म्हणून रंगाची माहिती कमी ठेवतात आणि तिथेच डेटा निम्मा होतो. मग अधूनमधून एक पूर्ण फ्रेम (आय फ्रेम), मधल्या फ्रेममध्ये फक्त कुठला तुकडा कुठे सरकला आणि उरलेला फरक काय एवढंच. म्हणून बातम्या वाचणारा माणूस स्वस्तात जातो आणि धो धो पाऊस आला की सगळंच हलतं, डेटा पुरत नाही आणि चौकोन दिसायला लागतात. आवाजातही तेच, मोठ्या आवाजामागे दबलेला बारीक आवाज कानाला कळतच नाही, तो एमपी३ बिनधास्त टाकून देतं, सीडीचे १४११ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) १२८ वर येतात ते असे.

चौकस
भारी! मग छोटीचं एच.२६४ करून घेऊ का?

खटपट्या
करा, पण एकदा टाकलेलं परत येत नाही, उलट थोडं आणखी जातं, वर फाइल फुगते. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅममध्ये आरएफ (दर्जाचा आकडा, जितका कमी तितकं चित्र चांगलं) २० च्या आसपास ठेवा आणि आवाजाला हात लावू नका, तो आहे तसा जाऊ द्या.

रात्रपाळी
आणि प्रीसेट, म्हणजे वेगाची सेटिंग, स्लो ठेवा. स्टँडर्डमध्ये डीकोडरने (फाइल चालवणाऱ्याने) फाइल कशी उलगडायची तेवढंच ठरलेलं असतं, एन्कोडरने (दाबणाऱ्याने) किती डोकं लावायचं ते त्याचं तो बघतो, त्यामुळे त्याच साइजमध्ये स्लोवालं जास्त स्वच्छ दिसतं.