अंतराळ प्रवासाचा धंदा: आधी टपाल की आधी पर्यटक?

जुहूकर:
जो तो अंतराळ पर्यटनाबद्दल बोलतोय म्हणून धागा काढला. माझं मत, हौशी श्रीमंतांच्या तिकिटांवर हा धंदा उभा राहणार नाही. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून पस मॉथ हे छोटं विमान घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा विमानात टपालाच्या पिशव्या होत्या, प्रवासी नव्हते. अमेरिकेतही तेच, १९२५ च्या केली कायद्याने खासगी कंपन्यांना टपालाची कंत्राटं मिळाली, त्यावर त्या तगल्या, आणि निव्वळ तिकिटांवर पैसे कमावून देणारं डीसी-३ हे प्रवासी विमान यायला आणखी दहा वर्षं गेली. रोजचं, खात्रीचं गिऱ्हाईक आधी लागतं.

उल्का_७:
अहो, पण पत्रं लिहिणारी माणसं कराचीतही होती आणि मुंबईतही. वर कोण बसलंय पत्राची वाट बघत? डेनिस टिटो हा पहिला अंतराळ पर्यटक २००१ ला सुमारे २ कोटी डॉलर मोजून अंतराळ स्थानकावर गेला, खरी मागणी ती. आणि बक्षिसांनी धंदे सुरू होतात, न्यूयॉर्क-पॅरिस विनाथांबा उड्डाणासाठी ठेवलेल्या ऑर्टेग बक्षिसासाठीच वैमानिक लिंडबर्गने १९२७ ला अटलांटिक ओलांडला ना!

जुहूकर:
लिंडबर्ग त्याआधी सेंट लुईस ते शिकागो टपालच नेत होता! खासगी अंतराळयानासाठी ठेवलेलं एक्स प्राइझचं १ कोटी डॉलरचं बक्षीस स्पेसशिपवन या यानाने २००४ ला जिंकलं, आणि त्याच धर्तीच्या यानाची पहिली व्यावसायिक फेरी व्हर्जिन गॅलॅक्टिकने केली २०२३ ला. उलट स्पेसएक्स या खासगी कंपनीची पहिली तीन रॉकेटं फसली, चौथं सप्टेंबर २००८ ला कक्षेत पोचलं, आणि डिसेंबरमध्ये नासाने अंतराळ स्थानकावर सामान न्यायला १२ फेऱ्यांचं १.६ अब्ज डॉलरचं कंत्राट दिलं. हेच ते टपाल.

गणिती:
मला हे अर्धवट पटतं. सरकारी गिऱ्हाईक तर नासाच्या स्पेस शटल यानालाही होतंच की, तरी स्वस्ताई कुठे आली? शटल परत यायचं, पण दर फेरीनंतर उष्णतारोधक टाइल्स तपासत बसायचं, हजारो टाइल्स, आणि बिघडलेली बदलायची, त्यात महिने जायचे. टाटांचं विमान उतरलं की पेट्रोल भरून परत जायला तयार. यान जोवर तसं झटपट पुन्हा उडायला तयार होत नाही तोवर टपाल असो की पर्यटक, भाडं उतरणार नाही.

जुहूकर:
मान्य, पण स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटचा बूस्टर, म्हणजे खालचा टप्पा, २०१७ ला दुसऱ्यांदा उडाला तो या कंत्राटाने कंपनी जगली म्हणून. सामान नेणारं त्यांचं ड्रॅगन यान २०१२ ला स्थानकाला पोचलं, त्याच्याच पुढच्या आवृत्तीतून २०२१ ला इन्स्पिरेशन४ या मोहिमेचे चौघे पृथ्वीभोवती फिरून आले, एकही सरकारी अंतराळवीर नव्हता.

उल्का_७:
आणि त्या चौघांचा खर्च एकट्या जॅरेड आयझॅकमनने केला, अब्जाधीशाने! मग श्रीमंत गिऱ्हाईक नको कसं म्हणता?