इंग्लंडच्या ग्रामीण भागात, कॉट्सवोल्ड्समध्ये नवीन आलोय, शेतांमधून फिरलं तर चालतं का?

मंडळी, लंडन सोडून कॉट्सवोल्ड्सच्या एका खेड्यात राहायला आलोय, गाडी अजून घेतली नाही, रविवारी बस नाही आणि मुलं घरात जाम कंटाळतात. शेतातून चालत गेलं तर कोणी ओरडतं का?

>> फाटकावर किंवा खांबावर पिवळा बाण दिसला की बिनधास्त चाला, तो पब्लिक फूटपाथ, म्हणजे सगळ्यांना चालायला खुली पायवाट, शेत खाजगी असलं तरी जायचा हक्क आहे. निळा बाण असेल तर सायकली, घोडेपण येणार. फाटक जसं असेल तसंच ठेवा, हे फार महत्त्वाचं.

>> ऑर्डनन्स सर्व्हेचा (ब्रिटनची सरकारी नकाशा संस्था) १:२५,००० वाला एक्सप्लोरर नकाशा घ्याच, फूटपाथ हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेत. आणि गमबूट! पावसानंतर फाटकापाशी घोटाभर चिखल असतो.

>> गाईंबरोबर वासरं दिसली तर लांबून वळसा घाला, मुलं सोबत असताना तर नक्कीच.

>> धन्यवाद, शनिवारी निघतोच!