एकट्याचा खेळ? अर्धंच खरं
‘बुद्धिबळ एकट्याचं, त्यात संघ कसला’ हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं, ताई. लेकीच्या शाळेत दर शनिवारी बुद्धिबळाचा क्लब भरतो. परवाच्या आंतरशालेय सामन्यात प्रत्येक संघाचे चार खेळाडू, चार पटांवर; तिसरा पट तिचा. एक प्यादं जास्त होतं, तरी समोरच्या मुलाने बरोबरी विचारली. एरवी हिने हट्टाने डाव ओढला असता. पण तिने मान वळवून शेजारी पाहिलं: दोन डाव आपण जिंकलेले. जिंकलेल्या डावाला एक गुण, बरोबरीला अर्धा; म्हणजे हा अर्धा मिळाला की चारपैकी अडीच, सामना खिशात. तिने हात पुढे केला. हा हिशेब मोबाईलवर एकटं खेळून सुचत नाही. (घरी येऊन ‘मी जिंकत होते’ म्हणत दोन दिवस फुगून बसली, ते वेगळं.)

देशोदेशींच्या संघांचं बुद्धिबळ ऑलिंपियाडही चार पटांवरच चालतं. २०२४ला बुडापेस्टमध्ये भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्ण आणलं. खुल्या संघात नाशिकचा विदित गुजराथी, महिलांत नागपूरची दिव्या देशमुख.

आणि हरलेल्या पोराला लगेच चुका दाखवू नका. आमचे सर आधी वडापाव देतात, मग डाव लिहिलेला कागद उघडतात.